तान्ह्या बाळाची आकडी

श्रोतेहो, शहापूरहून मुरबाडच्या वाटेला लागले की सापगावाजवळ भातसा नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की किन्हवलीकडचा मुलूख सुरू होतो, आणि पुढे दोन्ही तालुक्यांत डोंगराच्या कुशीला विखुरलेल्या वाड्या आणि पाडे. समजा, अशाच एखाद्या पाड्यावर काल रात्री एक बाळ जन्मले. जन्मताच ते रडले नाही. थोडे चोळल्यावर, पाठीवर थापटल्यावर, बऱ्याच वेळाने त्याने क्षीण आवाज काढला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळी मात्र आजीच्या लक्षात आले की बाळ अंगावर ओढत नाही, त्याची नजर एकाच बाजूला खिळते आणि उजवा हात ठरावीक तालावर उडतो आहे. आजी म्हणते, "आकडी आली." शेजारीण म्हणते, "काहीतरी बाहेरचे आहे." आणि बाळाची आई, जी अजून उठून बसण्याच्या अवस्थेतही नाही, ती मनातल्या मनात म्हणते, "माझेच काहीतरी चुकले."

या तिघींचे बोलणे आपण आज समजून घेणार आहोत. हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आहे असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु ज्या घटकेला तो उभा राहतो त्या घटकेला जवळ डॉक्टर नसतो. आजी असते, आत्या असते, शेजारीण असते. त्या वेळी त्यांनी काय ओळखले आणि किती लवकर पाऊल उचलले, यावर बाळाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. तान्हे बाळ दचकते, उडते, थरथरते. यातील प्रत्येक हालचाल आकडी नव्हे. बाळ गाढ झोपेत असताना त्याचे हातपाय अचानक उडतात आणि त्याला जागे केले की ते उडणे तत्काळ थांबते. हे झोपेतले उसळणे बहुधा निरुपद्रवी असते आणि काही महिन्यांत आपोआप नाहीसे होते. १९८२ साली वैद्यकीय ग्रंथांत या प्रकाराची स्वतंत्र नोंद झाली, ती मुख्यतः अशा बाळांना विनाकारण आकडीची औषधे दिली जाऊ नयेत म्हणूनच. दुसरा प्रकार थरथरण्याचा. बाळाला उघडे केले, मोठा आवाज झाला किंवा ते रडू लागले की त्याचे हात, पाय, हनुवटी बारीक कापतात. ही थरथर पुष्कळदा साधी असते. मात्र रक्तातील साखर किंवा चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी झाल्यानेही ती येते. म्हणून ती वारंवार येत असेल तर रक्त तपासून घेणे शहाणपणाचे.

खरी आकडी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उडणारा हात किंवा पाय आपल्या हातात हळुवार धरावा आणि किंचित दुमडावा. साधी थरथर असेल तर ती तेथेच थांबते. आकडी असेल तर धरलेल्या हातातही ठोके जाणवत राहतात. एक जोराचा झटका, मग थोडी ढिलाई, पुन्हा झटका, असा त्यांचा ताल असतो. थरथरीत नजर वाकडी होत नाही. आकडीत पुष्कळदा होते.

मोठ्या माणसाला फेफरे येते तेव्हा तो खाली पडतो, सर्वांग ताठ होते, तोंडाला फेस येतो. हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे इतके पक्के असते की बाळाच्या आकडीतही आपण तेच शोधू लागतो आणि फसतो. नवजात बाळाच्या मेंदूची जोडणी अद्याप अपुरी असते. घरात वीज आली आहे, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तारा नेण्याचे काम चालू आहे, असे समजा. एका खोलीत ठिणगी पडली तरी साऱ्या घराचे दिवे एकदम फडफडत नाहीत. म्हणून बाळाची आकडी तुकड्यातुकड्यांनी प्रकट होते. कधी एकच हात उडतो, कधी एकच पाय. कधी बाळ सायकल चालविल्यासारखे पाय हलविते, कधी काही तोंडात नसता ओठांनी चोखल्यासारखे करते, पापण्या फडफडविते, एका जागी टक लावते. कधी केवळ श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. कित्येक आकड्या तर बाहेर दिसतच नाहीत. मेंदूचा विद्युत्-आलेख काढला तरच कळतात.

आता प्रश्न असा की ही ठिणगी पडते कशाने? मेंदूतील प्रत्येक पेशी आपल्या आवरणाच्या आत एक प्रकारचे क्षार आणि बाहेर दुसऱ्या प्रकारचे क्षार राखून असते, आणि या फरकावर तिचे विजेचे काम चालते. तो फरक टिकवायला अखंड शक्ती लागते. ती प्राणवायू आणि साखर यांपासून मिळते. प्रसूतीच्या वेळी वार अकाली सुटली, नाळ दाबली गेली, कळा फार लांबल्या किंवा जन्मल्यावर बाळाने श्वासच घेतला नाही, तर हा पुरवठा तुटतो. पेशींचा बांध फुटतो. एकमेकींना उत्तेजित करणारे रसायन पेशींबाहेर सांडते आणि शेजारच्या पेशीही विनाकारण पेटू लागतात. या पेटण्याचा परिणाम स्नायूंपर्यंत पोहोचला की आपण म्हणतो, आकडी आली. मोठ्यांच्या मेंदूत पेशींना शांत करणारे एक रसायन असते. नवजाताच्या अपक्व मेंदूत तेच रसायन कधी कधी उलट उत्तेजना देते. म्हणूनही या वयात आकडी लवकर येते आणि औषधाला सहज जुमानत नाही. १९१२ साली वापरात आलेले फेनोबार्बिटोन हे जुनेच औषध आजही या कामी प्रथम योजले जाते. परंतु त्यानेही प्रत्येक बाळाची आकडी थांबतेच असे नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. प्राणवायू तुटल्यावर मेंदूची हानी एका क्षणात पुरी होत नाही. पहिला आघात होतो, मग बाळ श्वास घेऊ लागते, पेशी थोड्या सावरतात, आणि मधला काही तासांचा काळ शांततेत जातो. घरच्यांना वाटते, संकट टळले. प्रत्यक्षात पेशींची शक्ती आतून पुन्हा खचू लागलेली असते. साधारण सहा तासांनंतर दुसरी पडझड सुरू होते आणि ती पुढे दोन-तीन दिवस चालू राहू शकते. अशा बाळांत बहुतेक आकड्या पहिल्या दिवसभरातच दिसू लागतात. आपल्या पाड्यावरच्या बाळाचे असेच झाले. रात्री ते रडले म्हणून सर्व निजले. सकाळी हात उडू लागला. जन्मताच न रडलेले बाळ नंतर रडले तरी त्याला दवाखान्यात न्यावे, असे जे आग्रहाने सांगितले जाते त्याचे कारण हे.

या मधल्या काळाचा उपयोग करून घेण्याचा एक उपाय पाश्चात्य देशांत रूढ झाला आहे. बाळाचे सर्वांग सहा तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावयाचे आणि ७२ तास तसेच ठेवावयाचे. हा उपाय आपल्याकडे लागू पडतो काय, हे पाहण्यासाठी भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर एक प्रयोग झाला. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होते. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले आणि ते डोळे उघडणारे होते. थंड केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे एके ठिकाणी जीव वाचविणारा उपाय दुसऱ्या ठिकाणी घातक ठरला. म्हणून कोणी कुठे वाचून बाळाला गार पाण्याच्या घड्या घालू पाहील तर त्याला निक्षून थांबवावे. आपल्या बाळाला हवी ती ऊब.

प्राणवायूचा तुटवडा हे प्रमुख कारण असले तरी ते एकच नव्हे. बाळाच्या रक्तातील साखर फार उतरली तरी आकडी येते, आणि तशीच राहिली तर मेंदूला कायमची इजा होते. कमी वजनाच्या, गारठलेल्या किंवा वेळेवर न पाजलेल्या बाळांना हा धोका अधिक. पहिला पिवळसर चीक वाईट म्हणून पिळून टाकण्याची आणि दोन-तीन दिवस बाळाला गुळाच्या पाण्यावर ठेवण्याची चाल काही घरांत अजून आहे. तो चीक पहिल्या तासात पाजणे हा साखर उतरू न देण्याचा सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेला इलाज आहे. याखेरीज मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होणे, मेंदूत रक्तस्राव होणे, कावीळ फार चढून तिचे पित्तद्रव्य मेंदूत उतरणे, हीही कारणे आहेत. कावीळ चढलेले बाळ आधी मलूल होते, मग धनुष्यासारखे मागे वाकू लागते. तोवर थांबणे म्हणजे फार उशीर करणे होय.

मागे वाकण्यावरून धनुर्वाताची आठवण येते. धनुर्वात हा मेंदूच्या इजेचा रोग नव्हे. नाळ कापताना शिरलेल्या जंतूंचे विष चेतातंतूंना ग्रासते आणि त्यामुळे स्नायू ताठ होतात. बाळ पहिले दोन दिवस छान पिते. मग साधारणतः तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्याचे तोंड मिटते आणि नुसत्या स्पर्शानेही त्याचे अंग ताठते. गंजका विळा, दगड, नाळेवर लावलेली राख किंवा शेण, ही या विषाची दारे. पूर्वी पाचवी पुजून झाल्यावर धडधाकट मूल अकस्मात जाई आणि दोष सटवाईच्या माथी बसे. कित्येक वेळा तो दोष विळ्याचा होता. गर्भवतीला टोचण्याची लस, स्वच्छ पाते आणि कोरडी नाळ एवढ्यावर हे संकट हटले. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या नशीब म्हणत होतो ते नशीब नव्हते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग प्राणवायूच्या अभावाने येणाऱ्या आकडीबद्दल असे काही करता येईल काय? येथे आपल्याच महाराष्ट्राने जगाला धडा दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजाताची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळ जन्मताना त्या सुईणीबरोबर हजर राहत, न रडणाऱ्या बाळाला पुसून, ऊब देऊन, मुखवटा आणि हवेची पिशवी यांनी श्वास देत, वजन घेत, जंतुसंसर्ग ओळखीत. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापून आला. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती, ती संख्या सुमारे २५ वर आली. जी बाळे अत्यंत गुदमरलेल्या अवस्थेत जन्मली त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरले. हे कोणत्या शहरी इस्पितळात घडलेले नव्हे. कुडाच्या घरांत, कंदिलाच्या उजेडात घडलेले आहे.

याच अनुभवाच्या पायावर २०११ पासून देशभरात आशाताईंनी घरी येऊन नवजाताची तपासणी करण्याची योजना सुरू झाली. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झाली असेल तर सात. दाराशी आलेली आशा ही केवळ नोंद करणारी बाई नव्हे. बाळ दूध ओढते की नाही, अंग गार आहे काय, हात उडतो काय, हे तिला मोकळेपणाने सांगावे. हात उडत असेल तर मोबाइलवर त्याची चित्रफीत घेऊन ठेवावी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आकडी पुष्कळदा थांबलेली असते, आणि शंभर शब्दांनी जे सांगता येत नाही ते एवढ्याशा चित्रफितीतून डॉक्टरांना दिसते.

पण अडचण आहे ती अंतराची. आपला शहापूर तालुका म्हणजे तानसा आणि भातसा यांच्या जलाशयांचा तालुका. मुंबईची तहान येथून भागते. नळातून पाणी महानगरापर्यंत बिनचूक पोहोचते, पण याच तालुक्यातल्या काही पाड्यांवरून बाळंतीण अजून झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावी लागते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे बाळ जन्मले तर गावची आशा गावातच राहते. मघाशी सांगितलेले सहा तास अशा वाटेतच संपतात. म्हणून तयारी आधी हवी. प्रसूतीची तारीख जवळ आली की गाडी कोणाची, पैसे कोणाकडे, सोबत कोण, हे ठरवून ठेवावे. गरोदर बाईला आणि आजारी नवजाताला सरकारी दवाखान्यात नेणे-आणणे आणि तेथील उपचार विनामूल्य असावेत, असे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने ठरवून दिले आहे. तो हक्क आहे, उपकार नव्हे. आणखी एक इशारा. कळा वाढाव्यात म्हणून घरी कोणा अर्धवट वैदूकडून इंजेक्शन टोचून घेऊ नये. अवेळी वाढविलेल्या कळांनी गर्भाशय बाळाला उसंत देत नाही आणि नाळेतला रक्तपुरवठा तुटतो.

आता आकडी आलीच तर काय करावे? बाळाला कुशीवर निजवावे. तोंडात दूध असेल तर स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. आकडी चालू असताना दूध, पाणी, औषध काहीही तोंडात घालू नये. कांदा अथवा चप्पल हुंगवू नये. पोटावर तापल्या लोखंडाचे डाग तर चुकूनही देऊ नयेत. आधीच जखमी झालेल्या जिवाला ती दुसरी जखम होय. किती वाजता सुरू झाली, कोणता हात-पाय उडाला, किती वेळ टिकली, हे ध्यानात ठेवावे. आकडी थांबताच बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घालावे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि निघावे. बाळ शुद्धीवर असेल व ओढत असेल तरच वाटेत पाजावे. नुसती शंका असली तरी निघावे. शंका खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल; खरी ठरली आणि आपण घरी बसलो, तर जे वाया जाईल ते पुन्हा मिळणार नाही.

आकडी येऊन गेलेल्या बाळाचे पुढे काय होते, हा प्रश्न प्रत्येक आईच्या ओठांवर असतो. आकडी आलेले प्रत्येक मूल अपंग होते, ही समजूत चुकीची आहे. आकडी कशामुळे आली यावर पुष्कळ अवलंबून असते. चुना कमी झाल्याने आलेली आकडी वेळीच उपचार मिळाल्यास सहसा मागे काही ठेवून जात नाही; प्राणवायूच्या दीर्घ अभावाने आलेली आकडी अधिक चिंतेची. काही मुले उशिरा मान धरतात, उशिरा बसतात, काहींचे हातपाय ताठर होतात. अशा मुलांना पहिल्या वर्षातच व्यायाम आणि उपचार मिळाले तर फार फरक पडतो. मुलांमधील असे दोष लवकर हुडकून काढणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झाला. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून येतात. मूल लपवून ठेवू नये, त्यांच्यापुढे आणावे.

शेवटी त्या आईकडे वळू. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांनी १८६१ साली अवघड प्रसूती आणि मुलांच्या हातापायांचा ताठरपणा यांचा संबंध दाखवून दिला. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, पुढे मानसशास्त्रात कीर्ती पावलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली की पुष्कळदा अवघड प्रसूती हे कारण नसून, गर्भातच आधी बिघडलेल्या गोष्टीचे ते एक लक्षण असावे. आजचे शास्त्र सांगते की दोन्ही प्रकार घडतात. ग्रहणात भाजी चिरली, उंबऱ्यावर बसली, अमक्याची दृष्ट लागली, यांपैकी काही या कारणांच्या यादीत नाही. वार अकाली सुटली तर ती आईने सोडलेली नसते. वाटेत गाडी मिळाली नाही तर तो दोष तिचा नसतो. तरीही सारे घर तिच्याकडे बोट दाखविते आणि तीही ते मुकाट्याने मान्य करते. त्यातून दुसरे नुकसान होते. जिला दोष दिला जातो ती बाळाचे लक्षण सांगायला भिते, आणि लपविलेली आकडी उपचाराविना राहते.

म्हणून आजीने "आकडी आली" असे म्हटले, तिथे तिची नजर खरी होती. बाळ ओढत नाही, नजर खिळली आहे, हात उडतो आहे, हे तिने सर्वांआधी पाहिले. त्या नजरेला थोडे ज्ञान हवे आणि लगेच निघण्याची तयारी हवी. शेजारणीने 'बाहेरचे' शोधत बसण्याऐवजी गाडी शोधावी. आणि आईला एवढेच सांगावे, "बाई, तुझे काही चुकलेले नाही. चल, बाळाला घेऊन निघू." सापगावच्या पुलावरून एखाद्या पहाटे अशी एक गाडी शहापूरच्या रुग्णालयाकडे वेळेवर गेली, तरी आजचे हे व्याख्यान ऐकल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.